‘ऑथेल्लो’ नाटकांतील पुरावा आणि त्या नाटकाचे कागद

शेक्सपीअरकृत ‘ऑथेल्लो’ या शोकपर्यवसायी नाटकाचा विचार आजवर बहुधा रसिकांनीं व काव्यमीमांसकांनींच केलेला आहे. जुन्या कागदपत्रांच्या नादीं लागलेल्या आमच्यासारख्यांनीं त्यांत लक्ष घालावें असें त्यांत काय आहे, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, प्रेम, मत्सर व कपट या तीन विकारांवर उभारलेल्या या नाटकांत प्रत्येक अंकाची गांठ एकाच प्रश्नाशीं येऊन पडते : अमुक गोष्ट घडली हें कशावरून ? आणि दैवयोग असा कीं, खुद्द या नाटकाचा काळ ज्या कागदांवरून ठरतो, त्यांपैकीं एक अस्सल असतांही साठ वर्षांवर बनावट मानला गेला, व दुसरा बनावट असतां कांहीं काळ अस्सल म्हणून चालला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यास नाटकाचें मर्म अधिक स्पष्ट होतें असें आम्हांस वाटतें.

प्रथम कागदांकडे वळूं.

१८४२ सालीं पीटर कनिंगहॅम नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडच्या राजदरबारांतील करमणूकखात्याचे जुने हिशेब छापून प्रसिद्ध केले. हा गृहस्थ लंडन येथील ऑडिट ऑफिसांत कारकून होता. सॉमरसेट हाऊस या सरकारी इमारतीच्या खालीं ‘कोळशाची कोठी’ म्हणून ओळखलें जाणारें एक कोरडें व उंच तळघर होतें. त्यांत आपणांस हे कागद गवसले असें त्यानें प्रस्तावनेंत सांगितलें. त्यांतील एका यादींत, ता. १ नोव्हेंबर १६०४ रोजीं व्हाइटहॉल येथील राजवाड्यांत राजाच्या नटांनीं ‘व्हेनिसचा मूर’ हें नाटक केल्याची नोंद आहे. याच यादींत इतर कांहीं नाटकांपुढें कवीचें नांव ‘शॅक्सबर्ड’ असें पडलेलें आहे. मराठी दप्तरांत टोपीकरांच्या नांवांची जी दशा होते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या ‘शॅक्सबर्डा’चें नवल वाटणार नाहीं. लेखनिकास नांव ऐकून माहीत होतें, वाचून नव्हतें, इतकाच त्याचा अर्थ.

पुढें १८६८ सालीं याच कनिंगहॅमनें त्या वह्या ब्रिटिश म्युझियमला विकत देऊं केल्या. सरकारी दप्तर खासगी माणूस विकावयास आणतो हें पाहून म्युझियमच्या अधिकाऱ्यांनीं वह्या अडकवून ठेवल्या व त्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसांत परत गेल्या. एवढ्यावर भागलें नाहीं. कनिंगहॅम तोंवर व्यसनानें पोखरला होता, त्याची पत गेली होती, आणि बनावट कागदांचें एक मोठें प्रकरण लोकांच्या स्मरणांत ताजें होतें. तेव्हां वह्या अस्सल असल्या तरी नाटकांची यादी मागाहून घुसडलेली असावी असा बोभाटा झाला, आणि जाणत्या अक्षरपरीक्षकांनींही माना डोलावल्या. पुढच्या वर्षीं कनिंगहॅम मरण पावला, व यादीवर बनावटपणाचा शिक्का तसाच राहिला.

हा शिक्का पुसला कसा, तें पाहण्यासारखें आहे. एडमंड मॅलोन हा शेक्सपीअरचा थोर संशोधक १८१२ सालीं वारला. त्याची शेक्सपीअरची आवृत्ति त्याच्या मागें १८२१ सालीं निघाली. तींत, हें नाटक १६०४ सालीं झाल्याचें आपणांस ठाऊक आहे असें तो निःशंकपणें सांगतो, पण आधार देत नाहीं. पुढें १८८० च्या सुमारास हॅलिवेल-फिलिप्स यांनीं दाखवून दिलें कीं, ऑक्सफर्ड येथें ठेवलेल्या मॅलोनच्या कागदांत याच यादीचा गोषवारा आहे. कनिंगहॅमचा जन्म १८१६ सालचा. म्हणजे जी यादी त्यानें रचली असें म्हणत होते, ती त्याच्या जन्मापूर्वींच दुसऱ्यानें पाहिली होती ! इतकें असूनही वाद मिटला नाहीं. १९११ सालीं अर्नेस्ट लॉ यांनीं रसायनज्ञाकडून शाई तपासून घेऊन यादीचा कैवार घेतला; १९२८ सालीं टॅनेनबॉम यांनीं पुन्हा आक्षेप काढले; अखेरीस १९३० सालीं रेकॉर्ड ऑफिसचे मुख्य स्टॅम्प यांनीं साऱ्या प्रकरणाची छाननी करून यादी अस्सल ठरविली. आतां तीविषयीं शंका राहिलेली नाहीं.

वर ज्या मोठ्या प्रकरणाचा उल्लेख केला, त्याचा नायक जॉन पेन कॉलिअर. हा विद्वान्, व्यासंगी, सर्वत्र मान्यता पावलेला. उमरावांचीं खासगी दप्तरें त्याजपुढें विश्वासानें उघडीं पडत. राणी एलिझाबेथ १६०२ च्या उन्हाळ्यांत सर टॉमस एगर्टन यांच्या हेअरफील्ड येथील वाड्यांत पाहुणी म्हणून राहिली होती. हें खरें आहे. त्या प्रसंगीं बर्बेजच्या नटांस ‘ऑथेल्लो’बद्दल दहा पौंड दिल्याचा दाखला एगर्टन घराण्याच्या कागदांतून आपण काढला, असें कॉलिअरनें १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. कोणास संशय आला नाहीं. राणी आली होती, वाडा होता, बर्बेज हा त्या भूमिकेचा खरोखरीचा नट; मग मधली एक ओळ खोटी कशी असेल ? पुढें १८५२ सालीं त्यानें १६३२ च्या छापील प्रतीच्या समासांत जुन्या हातच्या दुरुस्त्या सांपडल्याचें जाहीर केलें, व १८५९–६० सालीं म्युझियमच्या हॅमिल्टन यांनीं ती लबाडी उघडकीस आणली. तेव्हां मागची सारी माळ ओढली गेली आणि हेअरफील्डची नोंदही बनावट ठरली. आजही कांहीं विद्वान् नाटकाची रचना १६०४ च्या थोडी मागें नेतात. पण त्यांचा आधार अंतर्गत प्रमाणांचा आहे, कॉलिअरच्या त्या ओळीचा नव्हे.

दोन्ही प्रकरणांत लोकांनीं आधीं माणूस पाहिला, मग कागद. वजनदार माणसाचा खोटा कागद चालला. पत गेलेल्याचा खरा कागद अडला. आतां नाटक उघडून पाहावें.

ऑथेल्लो हा आफ्रिकेकडील मूर, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा सेनापति. तेथील सरदार ब्राबान्शिओ याची कन्या डेस्डिमोना त्याच्या पराक्रमाच्या व हालअपेष्टांच्या कहाण्या ऐकून त्याजवर लुब्ध होते व बापास न विचारतां त्याशीं विवाह करते. सेनापतीनें कॅसिओ नामक तरुणास आपला दुय्यम नेमल्यामुळें निशाणबरदार इयागो याचा जळफळाट झालेला असतो. सायप्रस बेटावर गेल्यावर तो ऑथेल्लोच्या मनांत डेस्डिमोना व कॅसिओ यांविषयीं विष कालवतो, आणि शेवटीं मूर आपल्या निर्दोष पत्नीस शय्येवरच गुदमरवून मारतो. सत्य कळल्यावर तो आत्मघात करून घेतो.

ही कथा कवीची स्वतःची नव्हे. जिराल्दी चिंथिओ या इटालियन ग्रंथकाराच्या ‘हेकातोम्मिती’ या १५६५ सालीं छापलेल्या कथासंग्रहांत तिसऱ्या दशकाची सातवी गोष्ट हीच आहे. तिचें फ्रेंच भाषांतर शाप्युई यानें १५८४ सालीं केलें. शेक्सपीअरच्या हयातींत छापलेलें इंग्रजी भाषांतर उपलब्ध नाहीं. चिंथिओच्या कथेंत नांव फक्त नायिकेला आहे. बाकीचे नुसते मूर, निशाणबरदार, कप्तान. तेथें निशाणबरदार स्वतःच नायिकेच्या प्रेमांत पडतो, आणि दाद लागत नाहीं असें पाहून त्याच्या प्रेमाचा द्वेष होतो. रुमाल चोरण्याची रीत तर अंगावर कांटा आणणारी आहे : तो आपली तीन वर्षांची मुलगी नायिकेच्या मांडीवर देतो, आणि ती बाईं लेकरास कवटाळीत असतां कमरेचा रुमाल लांबवितो. खून दोघे मिळून करतात. वाळू भरलेल्या मोज्यानें मारून वर छत पाडतात, म्हणजे अपघात वाटावा. मूर छळ सोसूनही कबूल होत नाहीं. हद्दपार होतो व पुढें नायिकेच्या नातलगांकडून मारला जातो.

शेक्सपीअरनें यांत जे फेरफार केले त्यांतील तीन आम्हांस महत्त्वाचे वाटतात. पहिला, त्यानें इयागोचें प्रेम काढून टाकलें. यामुळें त्याच्या दुष्टपणास कारणच उरत नाहीं असें पुष्कळ टीकाकार म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. हक्काची जागा शिफारशीनें दुसऱ्यास गेली, लढाया आपण मारल्या आणि मान पुस्तकी तरुणास मिळाला, हें दुःख किती खोल जातें तें आमच्या दप्तरांतील मानापानाच्या तक्रारी चाळणाऱ्यास वेगळें सांगावयास नको. शिवाय आपल्या स्त्रीविषयीं त्यालाही ऑथेल्लोचा संशय आहेच. म्हणजे जें विष तो दुसऱ्यास पाजतो, तें त्यानें आधीं स्वतः चाखलेलें आहे.

दुसरा फेरफार युद्धाचा. चिंथिओचें पुस्तक निघालें तेव्हां सायप्रस व्हेनिसकडेच होतें व तेथील पलटणीची बदली हा नेहमींचा व्यवहार होता. तुर्कांनीं १५७० सालीं बेटावर उतरून निकोसिया घेतलें व १५७१ च्या ऑगस्टांत फामागुस्ताही पडलें. शेक्सपीअरनें आपली कथा या संकटाच्या छायेंत नेऊन ठेवली, पण तुर्कांचें आरमार वादळांत बुडवून टाकलें. इतिहासांत तसें घडलेलें नाहीं. नाटकाच्या दृष्टीनें मात्र यांत मोठें कौशल्य आहे : सेनापति लढाईसाठीं बेटावर आला आणि लढाईच नाहींशी झाली. परक्या मुलखांत, रिकाम्या छावणींत, नवपरिणीत स्त्री व हाताखालचे तीन-चार अंमलदार यांतच त्याला दिवस काढावयाचे आहेत. मूर हें पात्र कवीला कोठून सुचलें याचाही तर्क केला जातो. १६०० सालीं मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्दुल वाहिद लंडनास आला होता. त्याची रंगीत तसबीर आजही बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहीं आहे. तसबीर अस्सल आहे. ऑथेल्लोशीं तिचें नातें जोडणारा कागद मात्र नाहीं, तेव्हां ती तसबीर म्हणूनच पाहावी.

तिसरा फेरफार पुराव्याचा, आणि आमच्या विषयाचा गाभा हाच. पहिल्या अंकांत ब्राबान्शिओ ऑथेल्लोवर जादूटोण्यानें मुलगी भुलविल्याचा आरोप आणतो. व्हेनिसचा ड्यूक त्यास बजावतो कीं, नुसता आरोप म्हणजे पुरावा नव्हे. तो आरोपीचें म्हणणें ऐकतो, आणि डेस्डिमोनेस सभेंत बोलावून तिची जबानी घेतो. प्रकरण एका बैठकींत सुटतें. कवीनें हा प्रसंग केवळ शोभेसाठीं घातलेला नाहीं. चौकशी कशी करावी याचा नमुना नायकाच्या डोळ्यांदेखत घडतो, त्याच चौकशीनें तो स्वतः सुटतो, आणि पुढें त्याच्यावर निवाड्याची पाळी येते तेव्हां त्यांतील एकही पायरी तो पाळीत नाहीं.

इयागोचें तंत्र पाहावें. तो धादांत खोटें फार थोडें बोलतो. डेस्डिमोनेनें बापास फसविलें, हें खरें. विवाहापूर्वीं कॅसिओ दोघांमध्यें निरोप्या होता, हेंही खरें. आणि तें ऑथेल्लोच्याच तोंडून वदवून घेतलें जातें. कॅसिओ तिच्याजवळून घाईनें निघून गेला, हें ऑथेल्लोनें स्वतः पाहिलेलें. या खऱ्या मण्यांतून इयागो केवळ दोरा ओवतो. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशांत तो बरेचदां स्वतः कांहींच सांगत नाहीं. सेनापतीचाच शब्द उचलून प्रश्नार्थक करून परत देतो, गप्प बसतो, मत्सरापासून सावध राहा असा मानभावी उपदेशही करतो. ऐकणाऱ्यास वाटतें, याच्या पोटांत फार मोठें गुपित आहे व हा सज्जन म्हणून तें सांगत नाहीं. सारे पात्र त्यास ‘प्रामाणिक इयागो’ म्हणतात. ही पतच त्याचें हत्यार. हेअरफील्डच्या हिशेबांत राणी, वाडा व नट खरे ठेवून मधली ओळ भरणारा विद्वान् याच वर्गांतला.

ऑथेल्लो डोळ्यांनीं दिसेल असा पुरावा मागतो. त्याला मिळतें काय ? प्रथम एक स्वप्न : कॅसिओ झोपेंत बरळला असें इयागो सांगतो. म्हणजे निजलेल्या माणसाची साक्ष, तीही ऐकीव, आणि सांगणारा वैरी. नंतर रुमाल. या रुमालाविषयीं आम्हांस विशेष आस्था असणें स्वाभाविक आहे, कारण आमचीं सारीं दप्तरें रुमालांतच बांधलेलीं असतात. १६९३ सालीं टॉमस रायमर यानें, एका हातरुमालावर एवढें मोठें शोकनाटक उभें करावें काय, अशी या नाटकाची मनसोक्त टिंगल केली. परंतु हा टीकाकार जिन्नस पाहून हसला, त्याचा प्रवास त्यानें पाहिला नाहीं. रुमाल अस्सल आहे. तो ऑथेल्लोनेंच दिलेला आहे. तो कॅसिओच्या हातीं आहे, हेंही खरें आहे. खोटें आहे तें एवढेंच, कीं तो तेथें कसा पोंचला. डेस्डिमोनेच्या हातून गळला, इयागोची स्त्री एमिलिया हिनें उचलला, इयागोनें हिसकला, कॅसिओच्या खोलींत टाकला, त्यानें नक्षी उतरवून घेण्यासाठीं बियांकास दिला. या पांच हातांपैकीं एकाचीही विचारपूस ऑथेल्लो करीत नाहीं. जुनी चीज दारीं आली म्हणजे ती कोणाकडून, केव्हां व कशी आली हें विचारल्याशिवाय आपल्यांतील कोणी तिला संग्रहांत घेत नाहीं. येथें एका जीवाचा निकाल लागला.

आणि त्या रुमालाचा पूर्वेतिहास तरी एक आहे काय ? तिसऱ्या अंकांत ऑथेल्लो पत्नीस सांगतो कीं, तो एका मिसरी जादूगारिणीनें आपल्या आईस दिला; पांचव्या अंकांत म्हणतो, बापानें आईस दिला. कवीची ही नजरचूक मानणारे आहेत. आमच्या मतें पहिली हकीकत धाक घालण्यासाठीं रचलेली आहे. ज्याच्यावर जादूचा आरोप आला होता व ज्यानें तो हसून फेटाळला, तोच आतां जादूच्या रुमालानें बायकोस भिववितो ! प्रेमाचा आरंभ त्याच्या कहाण्यांतून झाला होता. त्याच कहाण्या सांगण्याच्या शक्तीचा हा दुसरा, भीषण उपयोग आहे.

खरी साक्ष नाटकांत एकच होते. चवथ्या अंकांत ऑथेल्लो एमिलियेस विचारतो, आणि ती छातीवर हात ठेवून सांगते कीं, आपण सर्व वेळ जवळ होतों, वाईट कांहीं घडलें नाहीं. ही साक्ष प्रत्यक्षदर्शी आहे. ऑथेल्लो ती टाकून देतो. कारण ती बाई कुंटीण असली पाहिजे, आणि कुंटीण असेंच बोलणार. साक्षीदाराची पत आधींच ठरवून ठेवली म्हणजे साक्ष ऐकण्याचें कामच उरत नाहीं. कॅसिओला मारण्याचा हुकूम सुटतो, पण त्यास एक शब्द विचारला जात नाहीं. तो बियांकेविषयीं हसत बोलतो तें दुरून पाहून ऑथेल्लो तें डेस्डिमोनेविषयीं समजतो, व यालाच आपण मागितलेला डोळ्यांचा पुरावा मानतो.

आतां पाठभेदांविषयीं थोडें. नाटकाची कवीच्या हातची प्रत उरलेली नाहीं. टॉमस वॉक्ली यानें ता. ६ ऑक्टोबर १६२१ रोजीं नोंद करून १६२२ सालीं तें स्वतंत्र पुस्तकरूपानें छापलें. १६२३ सालीं मोठ्या संग्रहांत तें पुन्हा आलें. त्यापूर्वींच, १६१६ सालीं, कवि वारला होता. लहान पुस्तकांत शपथांचे उद्गार पुष्कळ आहेत. मोठ्या संग्रहांतून ते गाळले आहेत, कारण १६०६ च्या कायद्यानें रंगभूमीवर देवाचें नांव घेण्यास दंड होता. उलट मोठ्या संग्रहांत सुमारें १६० ओळी अधिक आहेत. त्यांतच डेस्डिमोनेचें शेवटच्या रात्रीचें वाळुंजीच्या झाडाचें गाणें आणि एमिलियेचें तें प्रसिद्ध भाषण येतें, ज्यांत ती नवऱ्यांच्या वागण्याचा झाडा घेते. या ओळी मागाहून घातल्या कीं आधींच्या गाळल्या, यावर अद्याप एकमत नाहीं. कांहीं असो, लहान पुस्तकाची प्रत धरून प्रयोग केल्यास दोन्ही स्त्रियांचें म्हणणें बरेंच तुटतें, आणि पुरुषांच्या कुजबुजीला अधिक जागा मिळते.

दोन पाठभेदांवर मात्र आम्ही आमचें मत नोंदवितों. शेवटच्या भाषणांत ऑथेल्लो मोलाचें मोतीं हातचें फेंकून देणाऱ्या एकाशीं आपली तुलना करतो. तो कोण ? १६२२ च्या पुस्तकांत ‘इंडियन’, १६२३ च्या संग्रहांत ‘ज्यूडियन’, म्हणजे यहुदी. त्या काळच्या छापखान्यांत आय व जे या अक्षरांस एकच खिळा चाले, आणि एन् उलटा बसला कीं यू दिसे. तेव्हां एकाचा दुसरा होण्यास खिळे जुळविणाऱ्याची डुलकी पुरेशी आहे. मोडी वाचणाऱ्यांस असल्या अपघातांची संवय आहेच. परंतु अर्थ किती पालटतो ! यहुदी म्हटलें तर मनांत येतो पत्नीस मत्सरानें मारणारा हेरोद राजा, किंवा गुरूचा घात करणारा जूडास. म्हणजे जाणूनबुजून केलेलें पाप. ‘इंडियन’ म्हटलें तर मोत्याची किंमत न कळलेला अजाण माणूस. हा इंडियन आमच्याकडील कीं अमेरिकेंतील, या वादांत पडण्याचें कारण नाहीं. दोन्हीकडे मोतीं होतीं व दोन्हीकडचे लोक अडाणी होत असा युरोपियनांचा समज होता. आम्ही ‘इंडियन’ हाच पाठ स्वीकारतों. ऑथेल्लोनें परीक्षा न करितां मोतीं टाकलें, हेंच साऱ्या नाटकांत दिसतें.

दुसरा भेद तिसऱ्या अंकांतील. मुखाप्रमाणें निर्मळ असलेलें नांव काळवंडलें असें ऑथेल्लो म्हणतो. कोणाचें नांव ? १६२२ च्या पुस्तकांत हा भागच नाहीं. १६२३ मध्यें ‘माझें’, १६३० च्या पुस्तकांत ‘तिचें’. रसिकांस ‘तिचें’ गोड वाटतें, कारण त्यांत प्रेम दिसतें. आम्हांस ‘माझें’ हेंच मूळचें वाटतें. परक्या नगरांत केवळ कीर्तीवर उभा राहिलेला हा पुरुष आहे. ती कीर्तीच गेली असें वाटतांच तो कोलमडतो, आणि नेमका तोच मर्मभाग इयागोनें हेरलेला असतो.

मराठींत हें नाटक महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं आणलें. शेक्सपीअरच्या नाटकांचें मराठींतील तें पहिलें भाषांतर होय. रंगभूमीवर तें खऱ्या अर्थानें रुजविलें गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझारराव’ या १८९० च्या रूपांतरानें. याच देवलांनीं आयुष्याच्या अखेरीस ‘संशयकल्लोळ’ लिहिलें, आणि त्यांत रुमालाच्या जागीं हातोहात फिरणारी एक तसबीर येते. संशय तोच, जिन्नस बदलला, आणि प्रेक्षक हसत घरीं गेले.

‘झुंझारराव’चे प्रयोग करणाऱ्या मंडळ्यांच्या हस्तलिखित वह्या, नटांच्या नकला व भूमिकांचे सुटे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांची माहिती मंडळास कळवावी अशी विनंति आहे. वहींत रुमालाचा व शेवटच्या भाषणाचा प्रवेश कसा उतरला आहे, कोठें काटछाट आहे, शाई व हात किती, हें टिपून पाठविल्यास पाठ जुळविण्यास उपयोग होईल. वही कोणत्या घरांतून, कोणाच्या हातून आली, तेंही सोबत लिहावें.